मोकाशीकाकांचा तापस्थापी

आमच्या सोसायटीच्या सभेत एकदा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तो एसी जरा कमी करा रे." माणूस सहज बोलून गेला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, पहिल्या रांगेत मोकाशीकाका बसलेत. काका उठले, सावकाश मागे वळले आणि म्हणाले, "कमी म्हणजे नेमकं काय कमी? आकडा कमी केला तर गारवा वाढतो. गारवा कमी करायचा तर आकडा वाढवावा लागतो. दोन्ही एकदम कमी होत नाहीत. रेकॉर्डवर काय घेऊ?"

झालं. सभेचा विषय होता गच्चीच्या गळतीचा, तो राहिला बाजूला. अर्धी सभा आकड्याच्या बाजूने, अर्धी गारव्याच्या. सेक्रेटरी जेव्हा "मतदान घेऊ या का" म्हणाले तेव्हा मी चपला घातल्या आणि घरी आले. गच्ची अजून गळतेय.

हे मोकाशीकाका माझे शेजारी. नाहूरला आमची दारं समोरासमोर आहेत, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला ऐकू येतं आणि माझ्या घरातलं त्यांना. आम्ही दोघंही ते मान्य करत नाही. काका कोर्टात भाषांतरकार होते. साक्षीदार मराठीत जे बोलेल ते साहेबांना इंग्रजीत सांगायचं, साहेब इंग्रजीत जे म्हणतील ते साक्षीदाराला मराठीत. नोकरीभर हेच. "अगं वैशाली," ते मला सांगतात, "'धक्का दिला' आणि 'धक्का लागला' यात फरक केवढासा? पण एकात माणूस आत जातो आणि एकात घरी जातो."

रिटायर झाल्यावर कोर्ट सुटलं, पण सवय कुठे सुटते? भाजीवाली म्हणाली, मेथी ताजी आहे, तर "आजची ताजी की काल ताजी होती ती?" मी म्हटलं, काका, पाच मिनिटांत आले, तर "पाच मिनिटांत निघतेस की पोचतेस?" एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याने विचारलं, भात देऊ का थोडा, तर ह्यांनी विचारलं, "थोडा भात देऊ का, की भात थोड्या वेळाने देऊ?" वाढप्या पुढे निघून गेला आणि काका वरणाशिवाय काही न मिळता बसून राहिले. असं काही झालं की कुंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे म्हणतात, "अहो, कोर्ट उठलंय. जेवून घ्या."

कुंदाकाकू अगदी उलट. त्या बोलतात भरभर, अर्धं वाक्य तोंडात आणि अर्धं हातवाऱ्यात. "ते हे दे ना त्याच्यावरचं" असं म्हणाल्या की समोरच्याने टेबलावरचा चष्मा द्यायचा असतो. मला कळतं. भाजीवालीला कळतं. काकांना कळत नाही, किंवा कळलं तरी ते रेकॉर्डवर यायला हवं असतं.

आता अशा दोघांच्या बेडरूममध्ये एक एसी आला तर काय होईल, ते सांगायला नको. काकूंना थायरॉइडचा त्रास आहे. मध्येच त्यांचा जीव उकडून निघतो आणि थोड्या वेळाने हुडहुडी भरते. काकांना बारा महिने थंडी. मे महिन्यात, बाहेर रस्त्याचं डांबर वितळत असताना, हा माणूस एसीत माकडटोपी घालून झोपतो. रिमोट काकांच्या उशाशी, कारण काकूंना चष्म्याशिवाय बटणं दिसत नाहीत. काकू म्हणायच्या, "अहो, वाढवा जरा." म्हणजे गारवा वाढवा, बाई उकडून मरतेय. काका इमानेइतबारे आकडा वाढवायचे. खोलीची भट्टी व्हायची. मग काकूंना कधी थंडी वाजली की त्या म्हणायच्या, "कमी करा हो." काका आकडा कमी करायचे. काकू कुडकुडायच्या. सकाळी भांडण. आणि भांडणात काकांचं एकच म्हणणं, "तू जे शब्द उच्चारलेस, तेच मी अमलात आणलं."

"शब्द कसले घेऊन बसलात? माझं तोंड बघून कळत नाही?"

"अंधारात तोंड कसं दिसणार? आणि तोंड हा पुरावा होत नाही, कुंदा."

हे मी माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकलेलं आहे. माझी पोळी करपली.

मग या उन्हाळ्यात एक दिवस काकूंनी गादी उचलली आणि हॉलमध्ये आणून टाकली. भांडण नाही, आदळआपट नाही. "मला इथे पंख्याखाली बरं वाटतं," एवढंच म्हणाल्या. काका त्या दिवसापासून बिघडले. तसं दिसायला काही नाही, पण भाजीवाली म्हणाली ताजी आहे, आणि काका नुसते "बरं" म्हणून पिशवी पुढे करून उभे राहिले. भाजीवालीने मला येऊन विचारलं, अंकलची तब्येत बरी आहे ना.

त्यानंतर आठवड्याभराने काका माझ्या दारात. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे सोसायटीतल्या प्रत्येक बिघडलेल्या मोबाइलची मी फॅमिली डॉक्टर. मला वाटलं, फोनच असणार. तर काका म्हणाले, "वैशाली, मला एक तापस्थापी घ्यायचा आहे. स्मार्ट. तू बरोबर चल."

"काय घ्यायचंय?"

"तापस्थापी. थर्मोस्टॅट गं. खोलीचं तापमान ठरवून देणारं यंत्र. भिंतीवर लावायचं, ते एसीला हुकूम देतं. म्हणजे घरात कुणी कुणाला वाढव, कमी कर असं म्हणायलाच नको." मग थांबून, दाराच्या कडीकडे बघत ते म्हणाले, "मग हिला आत यायला हरकत राहणार नाही."

एवढंच होतं सगळं. चौसष्ट वर्षांच्या माणसाला आपली बायको परत आपल्या खोलीत हवी होती, आणि ते सांगायला त्याला मध्ये एक यंत्र लागत होतं. मी म्हटलं, चला, शनिवारी जाऊ.

शनिवार उजाडेपर्यंत हा शब्द बिल्डिंगभर फिरला, कारण काकांनी लिफ्टमध्ये सावंतकाकूंना सांगितलं की ते तापस्थापीच्या शोधात आहेत. सावंतकाकू मूळच्या मालवणच्या, कानाने थोड्या कमी आणि देवाधर्मात जास्त. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "खंयचे गो हे तापस्वामी?" कुठले तापस्वामी, मला काही कळेना. तोवर त्यांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी नेली होती की मोकाशींच्या घरात काहीतरी बिनसलंय, बायको हॉलमध्ये झोपते आणि मोकाशी कुठल्या तापस्वामींच्या नादी लागलेत. शुक्रवारी एकीने काकूंच्या हातात नारळ दिला आणि सांगितलं, दर्शनाला जाल तेव्हा आमच्याकडून ठेवा. काकूंनी त्याची चटणी केली. मलाही वाटीभर दिली, झकास झाली होती.

पहिलं दुकान मुलुंड पश्चिमेचं. टाय लावलेला विक्रेता, तोंड भरून हसणारा. त्याने भिंतीवरची एक गोल चकती दाखवली. "अंकल, हा एकदम स्मार्ट आहे. तुमची सवय शिकतो. थोड्या दिवसांनी तुम्हाला काही सांगावंच लागणार नाही."

"कुणाची सवय?" काकांनी विचारलं.

"घरातल्यांची."

"घरात आम्ही दोघं. दोघांच्या सवयी परस्परविरुद्ध. मग हा कुणाचं ऐकतो?"

विक्रेत्याने डोकं खाजवलं. "सर, अॅप ज्याच्या मोबाइलमध्ये असेल त्याचं."

"आणि दुसऱ्या पक्षाला बाजू मांडायची संधी?"

"सर?"

"म्हणजे एकतर्फी निकाल," काका मला म्हणाले आणि चालायला लागले. तो मुलगा मला विचारत होता, मॅडम, सर वकील आहेत का. मी म्हटलं, त्यापेक्षा वाईट.

दुसरा तापस्थापी घाटकोपरच्या मॉलमधला. तो बोललेलं ऐकायचा. मराठी यायचं नाही, हिंदी यायचं. काकांनी घसा साफ केला, जाकिटाची बटणं लावली आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "एसी बढाओ." यंत्राने टुणकन आकडा वाढवला. काकांचा चेहरा असा उजळला की मी त्यांना तसं रिटायरमेंटच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं. "बघितलंस? वाढव म्हणजे आकडा वाढव. यंत्रसुद्धा तेच म्हणतंय. ज्याला ना सासर ना माहेर, ज्याचा काही स्वार्थ नाही, असा साक्षीदार आहे हा."

"छान. मग घेऊ या हाच," मी म्हटलं. माझे पाय दुखत होते.

काका यंत्राकडे बघत उभे राहिले. पुन्हा एकदा, जरा हळू आवाजात म्हणाले, "बढाओ." आकडा आणखी वाढला. आमच्या अंगावर येणारी गार हवा बंद झाली.

"नको हा," काका म्हणाले.

"का? अगदी तुमच्यासारखा आहे की."

"म्हणूनच नको. असा एक घरात आधीच आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही."

आम्ही मॉलमधून बाहेर पडलो. एरवी मला त्यांचा राग यायचा तो त्या दिवशी आला नाही, हे मात्र खरं.

पुढचे काही शनिवार असेच गेले. एका यंत्राला आपण घरात आहोत की नाही ते आपोआप कळायचं. माणूस नसेल तर ते एसी बंद करायचं. काकांनी विचारलं, माणूस न हलता गाढ झोपला असेल तर? विक्रेता म्हणाला, मग कधीकधी बंद करतं. "म्हणजे जिवंत माणसाला गैरहजर लावतं," काका म्हणाले, आणि ते यंत्रही गेलं. माझा नवरा मला विचारायला लागला की तू कुणाच्या लग्नाची खरेदी करत्येस का.

शेवटी अंधेरीला एका लहानशा दुकानात ते सापडलं. दिसायला काही खास नाही, साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी. दुकानात एक मुलगी होती, तिला विकायची घाई नव्हती. ती म्हणाली, "काका, ह्याला आकडा सांगायचा नाही. ह्याला दोनच बटणं. गरम वाटलं तर हे दाबायचं, थंड वाटलं तर हे. पुढचं काय करायचं ते तो बघतो."

काका पुढे वाकले. मग म्हणाले, "परत सांग."

तिने परत सांगितलं.

"म्हणजे काय करायचं ते सांगायचं नाही. काय होतंय ते सांगायचं."

"हो काका. तुम्हाला काय होतंय एवढंच."

काका स्टुलावर बसले. मुलीने घाबरून पाणी आणलं. ते पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "वैशाली, एवढी वर्षं मी तिला विचारतोय, काय करू, नीट सांग, काय करू. तुला काय होतंय, हे मी विचारलंच नाही गं." मी दुसरीकडे बघितलं. काही वेळा माणसाकडे न बघणंच बरं असतं.

डबी घरी आली. मेकॅनिकने काकूंच्या बाजूच्या भिंतीवर, हात पोचेल तिथे ती लावून दिली. बटणांवर नुसता लाल आणि निळा ठिपका होता, आणि चष्म्याशिवाय ते ठिपके काकूंना कसे दिसणार? म्हणून काकांनी मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवायच्या ठरवल्या. आता त्यावर काय लिहायचं यात दोन दिवस गेले. 'गरम होतंय' नको, ते हिंदीतून आलंय. 'उकडतंय' बरं, पण उकडणं हवेचं असतं, माणसाचं नव्हे. शेवटी ते हॉलमध्ये गेले आणि काकूंना म्हणाले, "कुंदा, तुला रात्री ते होतं, तेव्हा नेमकं काय होतं? तुझ्या शब्दांत सांग. मी मध्ये बोलणार नाही."

काकू मटार सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं. मी तिथेच होते, माझ्या हातात चहाचा कप होता, आणि मी तुम्हाला सांगते, त्या बाईने लग्नानंतर पहिल्यांदाच तो प्रश्न ऐकल्यासारखं तोंड केलं. "जीव घाबरा होतो," त्या म्हणाल्या. "आणि मग एकदम हुडहुडी."

संध्याकाळी लाल बटणावर चिठ्ठी होती, 'जीव घाबरा होतो'. निळ्यावर, 'हुडहुडी'. काका म्हणाले, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे घ्यायचे असतात.

इतकं सगळं होऊनही काकू आत गेल्या नाहीत. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा होत आला. गादी हॉलमध्येच. "मला इथे बरं वाटतं गं," एवढंच. काका दुपारचे एकटे आत बसायचे, आणि मी एकदा डोकावले तर ते 'हुडहुडी' दाबून बघत होते. मला बघितल्यावर म्हणाले, "चालू स्थितीत आहे की नाही, तपासत होतो."

माझी सटकली. इतके शनिवार घालवले ते काय चिठ्ठ्या वाचायला? काका बँकेत गेलेले बघून मी काकूंना गाठलं. म्हटलं, "काकू, आता काय राहिलंय? तो माणूस अंधेरीपर्यंत वणवण फिरलाय तुमच्या एसीसाठी. एवढा काय राग?"

"राग?" काकू हसल्या. "राग कसला गं. मी काय एसीसाठी बाहेर आले होय?"

"मग?"

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. एरवी अर्ध्या वाक्यात बोलणारी ती बाई त्या दिवशी पूर्ण वाक्यांत बोलली. "हे झोपायचेच नाहीत. मी कूस बदलली की उठून बसायचे. वाढवू? कमी करू? पांघरूण घाल, पांघरूण काढ. मी गप्प पडले तर आणखी काळजी, बाई बोलत का नाही म्हणून. भांडायचे सकाळी, पण रात्र सगळी माझ्याकडे डोळे लावून जागायचे. त्यात ह्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांना झोप पाहिजे. म्हटलं, मी बाहेर गेले तर झोपतील बिचारे. माझं काय, मी दुपारी पडते."

"हे त्यांना सांगितलंत?"

"काय सांगू? तुमच्या झोपेसाठी मी हॉलमध्ये जाते म्हणून? सोडतील ते मला? स्वतः गादी घेऊन बाहेर आले असते."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अहो काकू, ते एसीसाठी नाही, तुमच्यासाठी फिरत होते. तुम्ही आत नाही म्हणून त्यांना झोप नाही. भाजीवालीला विचारा, मेथी ताजी आहे का तेसुद्धा विचारत नाहीत हल्ली."

हे मात्र काकूंना लागलं. त्या उठल्या, गादी गुंडाळली आणि मला म्हणाल्या, "एक टोक धर."

काका बँकेतून आले तेव्हा गादी आत पोचली होती. त्यांनी हॉल बघितला, आतली खोली बघितली, माझ्याकडे बघितलं. पाय धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी घरी निघून आले.

या गोष्टीला आता दोन-तीन महिने झाले. काका सुधारले, म्हणजे पूर्वीसारखे बिघडले. परवाच त्यांनी वॉचमनला विचारलं, पाणी "येईल" की "येणार आहे". काकूंना मी सहज विचारलं, काय म्हणतोय तुमचा तापस्वामी?

"मशीन छान आहे गं," काकू म्हणाल्या. "मी बटण दाबते, थोड्या वेळात बरं वाटतं. ह्यांना काही करावं लागत नाही. तरी उठतात. एकदा उठतातच. पांघरूण बघतात, पायावर ओढतात, पदर तोंडावर आला असला तर बाजूला करतात."

"मग सांगा ना, झोपा म्हणून. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"एकदा उठून परत झोपतात आता, तेवढं चालतं." काकूंनी आवाज खाली आणला, काका आतच होते. "मी जागी असते गं. पण डोळे उघडत नाही. उघडले की ओशाळतात बिचारे, आणि पांघरूण अर्धवट टाकून परत जाऊन पडतात."